काकपद

मोंडकर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते नोटीस बोर्डाशी भांडत होते. तोंडानं नाही, पेनानं. परळमधल्या आमच्या खासगी विद्यापीठात मला लागून चारच दिवस झाले होते. (विद्यापीठाचं नाव सांगत नाही. तिथे अजून माझी माणसं कामाला आहेत.) बोर्डावर कुलसचिवांची नोटीस होती : ‘सर्व अध्यापकांना सुचित करण्यात येते की, उद्याच्या बैठकीस वेळेवर हजर राहावे.’ एक बुटका, पांढऱ्या बुशशर्टातला माणूस टाचा उंचावून त्या नोटिशीवर हिरव्या शाईनं काहीतरी करत होता. ‘सुचित’मधला उकार त्यानं दीर्घ केला. मग ‘हजर’च्या आधी खाली एक छोटं टोक काढलं आणि वर लिहिलं : ‘कृपया’.

मी मागे उभी आहे हे त्यांना न वळताच कळलं होतं.

“काय राहिलं होतं, वाचलंस?”

“कृपया.”

“दर वेळी तेवढंच राहतं यांचं,” ते म्हणाले, आणि वळून माझ्याकडे पाहत पुढचा प्रश्न विचारला. “जेवलंस काय गो?”

प्राध्यापक दत्ताराम मोंडकर. मराठी विभागाचे, आणि अध्यापक संघाचे सरचिटणीस. वर्गात त्यांची भाषा छापील पुस्तकासारखी सरळ चालायची आणि माया आली की थेट देवगडला जाऊन पोचायची. ‘जेवलंस काय’ हा त्यांचा नमस्कार होता. सकाळी नऊ वाजताही विचारायचे. एकदा कुलगुरूंना विचारलं होतं म्हणतात, आणि कुलगुरू बिचारे ‘हो’ म्हणाले.

शाई हिरवीच का, याचंही उत्तर तयार असायचं. लाल शाई विद्यार्थ्यांची, कारण त्यांच्या चुका प्रामाणिक असतात. हिरवी शाई कचेरीत मोठ्या साहेबांचा मान समजला जातो, म्हणून ती मुद्दाम आपण वापरायची. प्रशासनाकडून आलेलं प्रत्येक पत्र ते आधी शुद्ध करत आणि मग त्याच्याशी भांडत. त्या टोकाच्या खुणेला काकपद म्हणतात हे मला, अर्थशास्त्राच्या बाईला, त्यांनीच शिकवलं. काकपद म्हणजे कावळ्याचा पाय. “लिहिण्याच्या घाईत एखादा शब्द बाहेर राहिला तर त्याला आत घ्यायची ही खूण. सगळ्या विरामचिन्हांत हे एकच चिन्ह दयाळू आहे.” त्यांच्या कावळ्याचा उजवा पाय मात्र लंगडा होता. हात झटकायच्या सवयीमुळे तो लांबत जाऊन पुढच्या शब्दाखाली शिरायचा. मुलं त्याची नक्कल करायची.

मी तासिका तत्त्वावर होते. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : वर्गात शिकवलेल्या तासाचा मोबदला, बाकी काही नाही. सुट्टीत काही नाही, परीक्षेच्या महिन्यात जवळजवळ काही नाही. नायगावहून आईला केईएमला तपासायला नेलं की तास बुडायचा, आणि तास बुडला की पैसे बुडायचे. पूर्णवेळवाले शिकवत तेच आम्ही शिकवायचो, पेपर त्यांच्या दुप्पट तपासायचो, आणि स्टाफरूममध्ये कपाट मात्र मिळायचं नाही. माझ्यासोबत इंग्रजीचा लॉरेन्स होता. खोताच्या वाडीत राहायचा, अकरा वर्षं तासिकेवर होता, आणि पुस्तकं ठेवायला जागा नसल्यामुळे ती पाठीवर घेऊन फिरायचा.

अध्यापक संघात आम्हाला प्रवेश नव्हता. घटनेत लिहिलं होतं, ‘विद्यापीठातील अध्यापक सभासद होऊ शकतील’, आणि त्याचा अर्थ पूर्णवेळ असाच सगळे लावत आले होते. मोंडकर सरांनी सर्वसाधारण सभेत घटनेची प्रत हातात घेतली आणि विचारलं, “अध्यापक म्हणजे कोण? ज्याला कपाट आहे तो, की जो वर्गात उभा राहून शिकवतो तो?” मग त्यांनी सर्वांसमोर पेन काढलं, काकपद केलं आणि वर लिहिलं : ‘तासिका तत्त्वावरील व अन्य सर्व’. हात वर करून मतं घेतली. दुसऱ्या दिवशी लॉरेन्सनं आईच्या हातचे तळलेले गोल फुगे डबाभर आणले आणि पहिला सरांना भरवला.

“खाव, सर. आज आम्ही माणसात आलो,” तो म्हणाला.

सरांच्या आईची लालबागला खाणावळ होती. गिरणीतल्या एकट्या माणसांची. खोलीत एका वेळी दहा पानं मांडली जायची, बाकीचे बाहेर गॅलरीत उभे. सर त्या खाणावळीत वाढपी म्हणून मोठे झाले होते, आणि संघाची प्रत्येक सभा शेवटी त्या खाणावळीतच जाऊन पोचायची. “माझ्या आवशीचा नियम ऐका,” ते सांगायचे. “पहिली पंगत बसली की दुसरीनं दारात कुरकुर करायची नाही. आणि पहिलीनं दुसरीला विसरून पाय पसरायचे नाहीत. तिच्या दारातून उभा माणूस उपाशी परत गेला नाही कधी.” हे मी किती वेळा ऐकलं असेल! दर वेळी ते शेवटचं वाक्य बोलताना आम्हा तासिकावाल्यांकडे बघत. दर वेळी मला बरं वाटे.

वाटाघाटींचा त्यांचा एक खासगी शब्दकोश होता. कँटीनमध्ये चहा घेताना ते आमची उजळणी घ्यायचे.

“तत्त्वतः मान्य?”

“म्हणजे नाही,” आम्ही.

“सहानुभूतीने विचार करण्यात येईल?”

“म्हणजे नाहीच.”

“यथावकाश?”

“म्हणजे आमच्या तेराव्याला,” लॉरेन्स ओरडायचा, आणि सर खूश होऊन त्याच्या पाठीत धपाटा घालायचे. आणखी एक धडा त्यांनी दिला होता. करारात हातानं बदल केला, तर शेजारी दोन्ही बाजूंची छोटी सही पाहिजे. “सही नसेल तर तो बदल नव्हे. ती चोरी.”

पगाराच्या बोलण्यांचं ते वर्ष आलं तेव्हा संघाच्या मागण्या दोन होत्या. पूर्णवेळवाल्यांना सुधारित वेतन, आणि पाच वर्षं झालेल्या तासिकावाल्यांना महिन्याचा पगार. मला तोवर सहा वर्षं झाली होती. वर्षभर बैठका झाल्या. सर पिशवीत डबा आणि फाईल घेऊन प्रशासनाच्या मजल्यावर जायचे आणि फक्त डबा रिकामा करून परतायचे. शेवटी उन्हाळी परीक्षेच्या तोंडावर ठरलं की पेपर तपासणीवर बहिष्कार घालायचा. पूर्णवेळवाल्यांना नोटिसा येतील, त्यांची पेन्शन आहे, बढत्या आहेत, म्हणून ते ‘मनानं सोबत’ राहिले. गठ्ठ्यांना हात लावायचा नाही हे काम आमच्यावर आलं. तसेही बहुतेक गठ्ठे आमच्याच नावचे होते. मला मनातून धास्ती होती. नोटीस तरी त्यांना येणार होती. आम्हाला नोटीसही लागत नाही, जूनमध्ये नुसतं बोलावलं नाही की झालं.

“टेन्शन कशाला घेते?” लॉरेन्स म्हणाला. “सर हाय ना!”

तीन आठवडे आम्ही गेटाशी बसलो. सर रोज यायचे, फोल्डिंगच्या खुर्चीवर बसायचे, आणि त्यांच्या बायकोनं दिलेली भाजी-भाकरी सगळ्यांना एकेक घास होईल अशी वाटायचे. कोणाची आई आजारी, कोणाच्या मुलाची फी राहिलीय, सगळं त्यांना ठाऊक असायचं. निकाल लांबणार म्हणून पालकांचे फोन सुरू झाले, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, आणि वरच्या मजल्यावरून निरोप आला की आज तुमच्या मागण्यांचा निकाल लावू.

त्या दिवशी दुपारी चारला सर जिना उतरून आले. हातात कागदाची गुंडाळी होती. शेवटच्या पायरीवर थांबून त्यांनी ती वर केली.

“सर्व!” ते म्हणाले. “पाच वर्षं सेवा झालेल्या सर्व अध्यापकांना सुधारित मासिक वेतन. ‘सर्व’ हा शब्द मी घालून घेतलाय.”

लॉरेन्स रडला. मी रस्त्यातच सरांच्या पाया पडले. त्यांनी पटकन पाऊल मागे घेतलं आणि म्हणाले, “असू दे, असू दे. आता आधी गठ्ठे उचला. मुलांचे निकाल अडलेत.” मला तो त्यांचा विनय वाटला. प्रत मागितली तर म्हणाले, शिक्क्यासाठी वर गेलीय. कोणी पुन्हा मागितली नाही. ज्या माणसानं कुलगुरूंच्या शुभेच्छापत्रातली वेलांटी सोडली नाही, त्याचा करार आम्ही काय तपासणार होतो? आठ दिवसांत आम्ही सगळे पेपर तपासून टाकले, हात दुखेपर्यंत.

जुलैत पगार झाले. स्टाफरूममध्ये पूर्णवेळवाल्यांनी बर्फी वाटली. मी लेखा विभागाच्या खिडकीशी गेले तर आतल्या कारकुनानं यादीवरून बोट फिरवलं.

“तुमचं नाव नाय, मॅडम.”

“सर्व अध्यापकांना आहे ना?”

“सर्व पूर्णवेळ अध्यापकांना,” तो म्हणाला. बिचारा भला होता, त्यानं कराराची झेरॉक्स काढून माझ्या हातात दिली. “वाचा तुम्हीच.”

टाइप केलेल्या ओळीत ‘सर्व’ आणि ‘अध्यापकांना’ यांच्यामध्ये हातानं एक शब्द घातला होता. ‘पूर्णवेळ’. खाली आणखी एक कलम होतं : ‘तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या मागणीचा पुढील टप्प्यात सहानुभूतीने विचार करण्यात येईल.’ माझं डोकं तापलं, पण खरं सांगते, पुढच्याच क्षणी मला आनंद झाला. कारण घातलेल्या शब्दाशेजारी कुणाचीच छोटी सही नव्हती. म्हणजे ही चोरी! सरांची सही झाल्यावर यांनी मागून शब्द घुसवला, आणि घुसवणाऱ्या मूर्खांना मोंडकर सरांचा नियम माहीत नव्हता. खालचं कलमही त्यांनीच चिकटवलं असणार, सर असलं वाक्य जन्मात ठेवणार नाहीत. आता सरांनी फक्त दोन ओळी लिहून द्यायच्या, की हा शब्द माझ्या सहीच्या वेळी नव्हता. मग ‘सर्व’ म्हणजे सर्व.

रविवारी मी करी रोडला त्यांच्या घरी गेले. दुपारचे साडेबारा. सरांच्या बायकोनं दार उघडलं आणि मला काही बोलूच दिलं नाही.

“आधी जेव गो. कागद खंय पळतत?”

सुरमईचं कालवण होतं, सोलकढी होती. सर समोर बसले होते आणि नेहमीसारखे माझ्या पानाकडे लक्ष ठेवून होते. भात संपायच्या आत पुन्हा भात. एवढी भूक मला कितीतरी दिवसांत लागली नव्हती. हात धुऊन मी पिशवीतून झेरॉक्स काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

“सर, बघा. तुमच्या मागून शब्द घुसवलाय यांनी. सही नाही शेजारी, काही नाही. तुम्ही एवढंच लिहून द्या की हा शब्द माझा नाही. पकडले गेले, सर!”

सरांनी चष्मा लावला. कागद पाहिला. खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि तसेच बसून राहिले. मी त्यांच्या पेनाकडून कागदाकडे पाहिलं. झेरॉक्समध्ये हिरवी शाई काळी होते. त्यामुळे मला शाई दिसली नव्हती. आता मला त्या शब्दाखालचं काकपद दिसलं. त्याचा उजवा पाय लांबत जाऊन ‘अध्यापकांना’च्या ‘अ’खाली शिरला होता.

“माझाच आहे,” सर म्हणाले.

आतून मोरीत भांडी घासल्याचा आवाज येत होता.

“तेवढा एकच शब्द मागत होते ते. नाहीतर सगळंच जात होतं, मेघना. पूर्णवेळवाल्यांचंही. मी म्हटलं, पहिली पंगत तरी बसू दे. दुसरीनं जरा...”

“रांधलं कोणी, सर?”

त्यांनी कागद उलटा करून ठेवला.

“तीन आठवडे गेटावर कोण बसलं? आम्ही रांधलं, आणि आम्हालाच दारात उभं केलंत.”

“पुढच्या टप्प्यात होईल गो. लिहून घेतलंय मी.”

“सहानुभूतीने?” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “सर, म्हणजे काय ते तुम्हीच शिकवलंत.”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मी शेवटचं म्हणून, लाज सोडून म्हणाले, “तरी लिहून द्या. सही नाहीये शेजारी. तुमचा एक शब्द पुरेल.”

“खोटं कसं लिहू?” ते म्हणाले. आणि हे ते मनापासून म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी कागदावर चुकीचं काही ठेवलं नव्हतं.

“मग जिन्यावर खरं का सांगितलं नाहीत?”

मला आजही वाटतं, ते हरून आले असते आणि तसं म्हणाले असते, की पोरांनो, तुम्हाला वगळावं लागलं, तर मी रडले असते, भांडले असते, आणि तरी पाया पडले असते. वाटाघाटीत माणूस हरतो. पण त्यांनी आमच्या तोंडावर ‘सर्व’ म्हटलं, आमच्याकडून गठ्ठे उचलून घेतले आणि माझे हात पायाशी आल्यावर पाऊल मागे घेतलं. ते विनयानं नव्हतं, हे मला करी रोडचा जिना उतरताना कळलं. पोटात त्यांच्या घरचं जेवण होतं आणि ते ओकून टाकावंसं वाटत होतं. सगळ्यांत जास्त राग त्या चिन्हाचा आला. बाहेर राहिलेल्याला आत घ्यायची खूण, सर म्हणायचे. त्याच खुणेनं त्यांनी आम्हाला बाहेर काढलं.

लॉरेन्सला मी झेरॉक्स दाखवली तेव्हा तो बराच वेळ ती उलटसुलट करत राहिला. “सरांचा कावळाच हाय ना?” त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. त्यानं त्या दिवाळीत शिकवणं सोडलं. आता एका कंपनीत पोरांना फोनवर बोलायचं इंग्रजी शिकवतो, महिन्याच्या महिन्याला पगार घेतो, आणि भेटला की सरांचं नावही काढत नाही.

पुढचा टप्पा आला नाही. सर निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत त्याच इमारतीत, प्रशासनाच्या मजल्यावर, भाषा सल्लागार म्हणून परत आले. त्यांना छोटी काचेची खोली मिळाली. बाहेर जाणारं प्रत्येक मराठी पत्र त्यांच्या नजरेखालून जायचं. लोक म्हणायचे, त्या एका शब्दाचं हे बक्षीस. मी तसं म्हणत नाही. मला माहीत नाही. पूर्वी सरांबद्दल असं काही कानावर आलं असतं तर मी भांडले असते. आता ऐकून घेते, हेही माझं एक नुकसानच झालं.

मागच्या वर्षी मला ठाण्याच्या एका कॉलेजात पूर्णवेळ जागा मिळायची शक्यता झाली. त्यासाठी अनुभवाचा दाखला हवा होता. कारकून म्हणाला, टाइप झालाय, पण मोंडकर सरांच्या नजरेखालून गेल्याशिवाय शिक्का नाही. मी काचेच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. सर खूप वाळले होते. बुशशर्ट खांद्यावरून उतरल्यासारखा दिसत होता. त्यांनी मला ओळखलं, पण मान खाली घालून दाखलाच वाचत राहिले. मलाही तो उलटा वाचता येत होता : ‘श्रीमती मेघना साळवी यांनी या विद्यापीठात अर्थशास्त्र विषयाच्या अध्यापक म्हणून दहा वर्षे काम केले.’

त्यांचं पेन ‘विषयाच्या’ आणि ‘अध्यापक’ यांच्यामध्ये येऊन थांबलं. तिथे काय राहिलंय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. नियमाप्रमाणे ‘तासिका तत्त्वावरील’ हवं. ते शब्द आत आले की ठाण्याच्या जागेसाठी माझी दहा वर्षं निम्म्यावर येणार होती, तासिकेचा अनुभव अर्धाच धरतात. मी काही बोलणार नव्हते. त्या माणसापुढे पुन्हा हात पसरायचा नाही, एवढं मी ठरवून आले होते.

त्यांनी हिरव्या शाईनं काकपद काढलं. पाय लांबत गेला. पेन वर आलं, ओळीच्या वरच्या कोऱ्या जागेत टेकलं आणि तसंच राहिलं. मग त्यांनी वर काहीही न लिहिता टोपण लावलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“शिक्का घे बाहेर,” ते म्हणाले.

मी दाखला उचलला. मी दारातून वळले तेव्हा मागून तोच जुना आवाज आला, फक्त फार बारीक झालेला.

“जेवलंस काय गो?”

इतकी वर्षं या प्रश्नाला मी हसून हो म्हणत आले होते, नसले जेवले तरी.

“नाही, सर,” मी म्हणाले. “अजून उभीच आहे.”

त्यांनी चष्मा काढून समोरच्या रिकाम्या टेबलावर ठेवला. मी शिक्का मारून घ्यायला खिडकीकडे गेले.